कंट्रीचा सातबारा कुणाच्या नावावर?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ओक्लाहोमातल्या एडा या गावच्या केवायकेसी रेडिओ केंद्राला एका श्रोत्याने बियॉन्सेचे ‘टेक्सस होल्ड एम’ लावायची फर्माईश केली. केंद्राने उत्तर धाडले की आमचे केंद्र कंट्री संगीताचे आहे, इथे बियॉन्से लागत नाही. बोभाटा झाला, केंद्राने गाणे लावले आणि खुलासा केला की गाणे त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. तो खुलासा मी खरा मानतो. छोट्या गावच्या केंद्राशी भांडून काय मिळवायचे? पण गाणे न ऐकता, नुसत्या गाणारीच्या नावावरून ते कंट्री नाही हे ठरवता आले, ही गोष्ट साधी नाही. त्यानंतरच्या महिन्यांत या निवाड्याचे जे जाहीर समर्थन झाले, त्याचा समाचार घ्यायला हवा.

ते समर्थन आधी त्याच्या सर्वांत सभ्य रूपात मांडतो. कंट्री हे अपालाचियन डोंगरातल्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचे आणि गिरणी कामगारांचे संगीत. त्यांच्या पूर्वजांनी स्कॉटलंड-आयर्लंडहून फिडल आणले, इंग्लंडहून कथागीते आणली. डोंगरात एकटे पडल्यामुळे ते निर्भेळ राहिले. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी ते पहिल्यांदा जगाच्या कानावर पडले. कृष्णवर्णीयांना त्यांचे ब्लूज आहे, जॅझ आहे, सोल आहे, रॅप आहे. आम्ही तिकडे हक्क सांगत नाही, तुम्ही इकडे सांगू नका. या युक्तिवादात शिवीगाळ नाही, द्वेषही दिसत नाही. उलट तो समजूतदार भावांच्या वाटणीसारखा वाटतो, म्हणून तो आपल्याकडेही सहज पटतो. वांद्र्यात आणि गोव्यात जिम रीव्ह्जच्या गाण्यांवर वाढलेल्या पिढ्या आहेत; त्यांच्यातल्याही पुष्कळांना बियॉन्से म्हणजे कंट्रीत शिरलेली पाहुणी वाटली.

वाटणी समजूतदार खरी, पण ती भावांनी केली नव्हती. ती रेकॉर्ड कंपन्यांच्या विक्री विभागाने केली, आणि तिचे कागद उपलब्ध आहेत.

१९२० मध्ये ओके कंपनीने मेमी स्मिथचे ‘क्रेझी ब्लूज’ काढले आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाईक रेकॉर्डवर पैसे खर्च करते हे कंपन्यांना कळले. लगेच त्यांच्यासाठी स्वतंत्र मालिका निघाली: ओकेची ८००० क्रमांकांची. पुढे १९२३ मध्ये अटलांटाच्या एका फर्निचर विक्रेत्याच्या आग्रहावरून राल्फ पीअर नावाच्या ओकेच्याच माणसाने फिडलिन जॉन कार्सनचे ध्वनिमुद्रण केले. पीअरला ते गाणे भयंकर वाटले होते. तबकड्या मात्र हातोहात खपल्या. मग दक्षिणेतल्या गोऱ्या गिऱ्हाइकासाठी दुसरी मालिका आली, ४५००० क्रमांकांची. कोलंबियानेही तेच केले: कृष्णवर्णीयांसाठी १४०००, गोऱ्यांसाठी १५०००. आपल्या सातबाऱ्यात नमुना सातमध्ये मालकाचे नाव असते आणि नमुना बारामध्ये शेतात उभे असलेले पीक. कंपन्यांनी नमुना बारा कधी भरलाच नाही. शेत कोण कसतो, पीक कुठून आले, हे न पाहता त्यांनी गिऱ्हाइकाच्या कातडीवरून मालकी लिहून टाकली, आणि शंभर वर्षांनी त्या नोंदीला लोक परंपरा म्हणतात.

ही वाटणी कानाने झाली असती तर ॲलन बंधूंची फजिती झाली नसती. टेनेसीचे हे दोघे गोरे भाऊ ब्लूज गात. १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांची एक तबकडी चुकून १४००० च्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या मालिकेत काढली. भाऊ इतके संतापले की त्यांनी कंपनीवर अडीच लाख डॉलरच्या दाव्याची धमकी दिली आणि शेवटी व्हिक्टर कंपनीकडे निघून गेले. त्यांना अपमान वाटला तो वाटला, आपल्याला त्यातून पुरावा मिळतो. ज्यांचा धंदाच ऐकण्याचा, त्या कंपनीच्या माणसांना आवाजावरून वर्ण ओळखता आला नाही. उलट बाजूचे उदाहरण मिसिसिपी शीक्स या कृष्णवर्णीय मंडळींचे. फिडल आणि गिटार घेऊन ते गोऱ्यांच्या नाचांनाही वाजवत. १९३० मध्ये त्यांचे ‘सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ ओकेच्या ८००० मालिकेत आले आणि त्यांच्याच फिडलची एक वॉल्ट्झ ४५००० मालिकेत. वादक तेच, कंपनी तीच. पाच वर्षांनी बॉब विल्सने तेच ‘सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ रेकॉर्ड केले आणि ते वेस्टर्न स्विंगचे, म्हणजे कंट्रीचे हक्काचे गाणे होऊन बसले.

आता ब्रिस्टल. टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची हद्द जिच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध जाते अशा या गावात २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या काळात तोच राल्फ पीअर, आता व्हिक्टर कंपनीसाठी, यंत्रे घेऊन बसला. १९ गायक-वादक संचांनी ७६ गाणी मुद्रित केली. कार्टर कुटुंब तिथेच सापडले, जिमी रॉजर्सही तिथेच. अमेरिकी काँग्रेसने १९९८ मध्ये ब्रिस्टलला कंट्री संगीताचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. जन्मस्थान म्हणणे गैर आहे, कारण कार्सन चार वर्षे आधीचा आणि टेक्ससचा फिडलवादक एक (Eck) रॉबर्टसन त्याच्याही आधीचा, १९२२ चा. तरी हा तपशिलाचा वाद सोडून देऊ. कारण ब्रिस्टलच जन्मस्थान मानले तरी तिथे एल वॉटसन नावाचा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक हजर होता, आणि जॉन्सन बंधू या गोऱ्या जोडीने व त्याने एकमेकांना साथ केली. पीअर ब्रिस्टलहून शार्लटला गेला, तर तिथे जॉर्जिया यलो हॅमर्स या गोऱ्या संचात अँड्र्यू बॅक्स्टर हा कृष्णवर्णीय माणूस फिडल वाजवायला बसला. दक्षिणेत तेव्हा दोघांना एका बाकावर बसायची परवानगी नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र ते शेजारी बसत, कारण त्यांना एकमेकांच्या चाली येत होत्या.

कार्टर कुटुंबाची गोष्ट याहून बोलकी आहे. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत गावोगाव हिंडे. त्याला शब्द लिहून घेता येत, चाल लक्षात राहत नसे. १९२८ मध्ये त्याची लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाशी ओळख झाली. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात रिडलचा पाय गेला होता. कार्टर शब्द टिपी, रिडल चाल डोक्यात साठवी, आणि परत आल्यावर ती कुटुंबाला वाजवून दाखवी. त्यातली कितीतरी गाणी कृष्णवर्णीयांच्या घरांतून आणि चर्चमधून आलेली होती. मेबेल कार्टर त्याच्या बोटांकडे पाहून शिकली. तबकड्यांवर नाव ए. पी. कार्टरचे आले. त्यात मी कार्टरला खलनायक करणार नाही. गाण्याचा हक्क नोंदवला की पैसा मिळतो हे पीअरने त्याला शिकवले होते, आणि कार्टर काही श्रीमंत नव्हता. पण ‘डोंगरातल्या निर्भेळ गोऱ्या गाण्यां’चा बराच संग्रह ज्याच्या स्मरणशक्तीच्या आधाराने झाला, त्याचे नाव १९६५ च्या सुमारास माइक सीगरने शोधून काढेपर्यंत कुणाला ठाऊक नव्हते.

यावर हमखास येणारे उत्तर असे की हे सगळे आजच्या राजकारणाचे चष्मे आहेत, जुन्या माणसांना असले काही सुचलेही नव्हते. खोटे आहे. जुन्या माणसांनी हे स्वतःच्या तोंडाने सांगितले. अलाबामातला रूफस पेन, लोक त्याला टी-टॉट म्हणत, रस्त्यावर वाजवून पोट भरी. पोरगेल्या हँक विल्यम्सने त्याच्या मागे हिंडून गिटार शिकले आणि मोठा झाल्यावर हे उघड कबूल केले. ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो आर्नल्ड शुल्ट्झ या केंटकीच्या कृष्णवर्णीय फिडल व गिटारवादकाला नाचांच्या कार्यक्रमांत साथ करत असे आणि ते आयुष्यभर अभिमानाने सांगत असे. जिमी रॉजर्स रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांना पाणी देणारा पोऱ्या होता. गाण्याचे पहिले धडे तिथले. जुलै १९३० मध्ये हॉलिवूडला त्याने ‘ब्लू यॉडल नंबर ९’ मुद्रित केले तेव्हा ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग होता आणि पियानोवर लिल हार्डिन आर्मस्ट्राँग. ‘कंट्रीचा पिता’ म्हणून ज्याची पूजा होते तो जॅझच्या सर्वांत मोठ्या कलावंताबरोबर गातो, आणि पूजा करणारे सांगतात की दोन्ही कुळांचा संबंधच नाही. (रॉजर्सचे यॉडलिंग आपल्या कानांनाही परके नाही. भाऊ अनूपकुमारकडच्या त्याच्या तबकड्या ऐकून किशोरकुमार यॉडलिंग शिकला, असे सांगतात.)

निर्भेळपणाचा दावा मला कुठे सर्वांत हास्यास्पद वाटतो, तर हँक विल्यम्सच्या ‘लव्हसिक ब्लूज’पाशी. ११ जून १९४९ ला नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात त्याने ते गायले, लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा परत बोलावले, आणि तो एका रात्रीत कंट्रीचा राजा झाला. गावाकडच्या गोऱ्या माणसाच्या काळजातून निघालेले गाणे! ते लिहिले होते १९२२ मध्ये, न्यूयॉर्कच्या टिन पॅन ॲलीत, एका संगीतिकेसाठी. लिहिणाऱ्या दोघांपैकी क्लिफ फ्रेंडचे सोडा. दुसरा आयर्व्हिंग मिल्स हा ओडेसाहून आलेल्या ज्यू कुटुंबातला, पुढे ड्यूक एलिंग्टनचा व्यवस्थापक. गाण्याला तो लचका देणारा यॉडल दिला एमेट मिलर या जॉर्जियाच्या गोऱ्या गायकाने, जो तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत रंगमंचावर उभा राहायचा. त्याच्याकडून रेक्स ग्रिफिन, तिथून हँक. म्हणजे शहरी ज्यू गीतकार, आल्प्सचा स्वर, कृष्णवर्णीयांची गायकी, तिची गोऱ्याने केलेली थट्टा, आणि या सगळ्याच्या टोकाला टी-टॉटचा शिष्य. यातून एक तरी धागा काढून दाखवा आणि मग गाणे उरते का ते सांगा. त्यातली काळे फासण्याची गोष्ट ओंगळ आहे, ती झाकायचे मला कारण दिसत नाही. पण ज्यांना कंट्रीची वंशावळ वाचून दाखवायची हौस आहे त्यांनी ती पूर्ण वाचावी.

शुद्धतेचा हा हट्ट मुळात डोंगरात जन्मलाच नाही. १९२० च्या दशकात त्याचा मोठा पुरस्कर्ता होता मोटारसम्राट हेन्री फोर्ड. त्याच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या पत्राने जॅझ हे ज्यूंचे कारस्थान ठरवले, आणि जॅझवर उतारा म्हणून फोर्डने जुन्या फिडलवादकांच्या स्पर्धा आणि जुने नाच यांना पैसा पुरवला. खेड्यातला माणूस शहराकडे ज्या मोटारीतून निघाला ती विकणाऱ्यानेच खेड्याच्या शुद्ध संगीताची काळजी वाहावी, हे मोठे मनोज्ञ आहे.

ऑप्रीचे नाव निघाले आहे तर डीफोर्ड बेलीपाशी थांबावेच लागेल. टेनेसीतला, लहानपणी पोलिओ झालेला, अंगाने किरकोळ, हार्मोनिकावर धावती आगगाडी उभी करणारा माणूस. १० डिसेंबर १९२७ च्या रात्री डब्ल्यूएसएम केंद्रावर वॉल्टर डॅमरॉशचा अभिजात संगीताचा कार्यक्रम संपला आणि बार्न डान्सचा कार्यक्रम सुरू झाला. बेलीने ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ वाजवले. ते संपल्यावर निवेदक जॉर्ज हे म्हणाला की आतापर्यंत आपण ग्रँड ऑपेरा ऐकला, यापुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’. कंट्रीच्या सर्वांत मोठ्या संस्थेचे बारसे एका कृष्णवर्णीयाच्या वादनावर झाले. १९२८ मध्ये ५२ पैकी ४९ आठवडे तो तिथे वाजला. इतका दुसरा कुणी वाजला नाही. रॉय अकफ, बिल मन्रो नवखे असताना त्यांच्या दौऱ्यांना गर्दी जमावी म्हणून बेलीला नेत. रात्री त्याच हॉटेलात त्याला खोली मिळत नसे.

१९४१ मध्ये त्याला काढून टाकले. निमित्त स्वामित्वहक्काच्या तंट्याचे होते: रेडिओवाल्यांनी ॲस्कॅप या संस्थेची गाणी वाजवणे बंद केले आणि बेलीची ठेवणीतली कितीतरी गाणी त्यात अडकली. पुढे जॉर्ज हेने छापील पुस्तिकेत कारण दिले ते बेलीच्या आळसाचे, आणि त्याला त्याच्या वंशाचीही जोड दिली. ज्याला वर्षानुवर्षे तीच लोकप्रिय गाणी वाजवायला लावली, त्यालाच नवे शिकत नाही म्हणून बोल. पुढची कित्येक वर्षे त्याने नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालवून काढली. १९८२ मध्ये तो गेला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने त्याला २००५ मध्ये आत घेतले.

कुणी म्हणेल, कंपन्या आणि संस्था चुकल्या असतील, पण श्रोत्यांनी तर आपली निवड केलीच ना? केली होती. ८ जानेवारी १९४४ ला ‘बिलबोर्ड’ने आपली या प्रकारची पहिली यादी छापली. ज्यूकबॉक्समध्ये लोक नाणी टाकून कोणती ‘फोक’ गाणी वाजवतात त्याची ही यादी. आजच्या कंट्री यादीची सुरुवात तिथूनच मोजतात. त्या वर्षी या यादीच्या शिखरावर कोण पोचले? लुई जॉर्डन ‘रेशन ब्लूज’ घेऊन, आणि नॅट किंग कोलचे त्रिकूट ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ घेऊन. दोघेही कृष्णवर्णीय. गिऱ्हाइकाने स्वतःच्या खिशातले नाणे टाकताना कंपनीचा क्रमांक विचारला नव्हता. मग धंदा शिस्तीत आला, याद्या नीट वेगळ्या झाल्या, आणि त्या यादीत पहिला क्रमांक मिळवणारा पुढचा कृष्णवर्णीय गायक उगवायला १९६९ उजाडले. तो चार्ली प्राइड. त्याच्या पहिल्या तबकड्या आरसीएने रेडिओ केंद्रांना पाठवल्या त्या छायाचित्राशिवाय. केंद्रांनी त्या आनंदाने लावल्या. मधल्या काळात, १९६२ मध्ये, रे चार्ल्सने डॉन गिब्सनचे ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ गाऊन पाच आठवडे अमेरिकेत पहिला क्रमांक राखला. कंट्रीच्या यादीत ते गाणे शेवटच्या पायरीवरसुद्धा आले नाही. गाणे नॅशव्हिलच्या माणसाचे, अल्बमच्या नावात ‘कंट्री’, शब्दही बदललेले नाहीत. फरक गाणाऱ्याचा.

आणखी एक आक्षेप जरा वजनदार आहे: बियॉन्से मुळात पॉपची, हौस म्हणून कंट्रीत आली, प्रश्न वर्णाचा नाही, अस्सलपणाचा आहे. ठीक. मग व्हर्नन डालहार्टचे काय करायचे? कंट्रीची पहिली प्रचंड खपाची तबकडी त्याची, १९२४ ची, ‘द प्रिझनर्स साँग’. डालहार्ट न्यूयॉर्कमध्ये ऑपेरेटा गाणारा शिकलेला गायक. धंदा मंदावला म्हणून गावठी गाण्यांकडे वळला, उच्चारही गावठी केले. आणि जिम रीव्ह्ज? निर्माता चेट ॲटकिन्सने त्याच्या गाण्यांतून फिडल आणि स्टील गिटार जवळपास हद्दपार केले, व्हायोलिनांचे ताफे आणि मागचा मंद कोरस आणला, ते कशासाठी? पॉपच्या गिऱ्हाइकासाठी. आवाज मखमली होता, मलाही आवडतो. पण रीव्ह्जला घरचा म्हणायचे आणि ह्यूस्टनला वाढलेल्या, रायनन गिडन्सला बँजोवर घेऊन गाणाऱ्या बाईला पाहुणी म्हणायचे, तर निकष अस्सलपणाचा राहिला नाही.

२०१९ मध्ये लिल नॅस एक्सचे ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डने कंट्री यादीतून उचलून बाहेर ठेवले. आजच्या कंट्रीचे घटक त्यात पुरेसे नाहीत म्हणाले. सहाच वर्षांपूर्वी फ्लोरिडा जॉर्जिया लाइनचे ‘क्रूझ’ रॅपर नेलीच्या साथीसकट त्याच यादीत २४ आठवडे पहिले होते. गोऱ्याने रॅपरला सोबत आणले तर ते कंट्रीचे नवे वळण, आणि कृष्णवर्णीय पोराने घोडा-रस्ता गायला तर घटक कमी. ‘ओल्ड टाउन रोड’ मला फार थोर गाणे वाटत नाही, हेही सांगून टाकतो. थोर नसलेली शेकडो गाणी त्या यादीत सुखाने राहिली आहेत.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यात खरे काय आहे, ते नाकारणार नाही. कापड गिरण्यांतल्या आणि कोळशाच्या खाणींतल्या गोऱ्या गरिबांचे दुःख या गाण्यांत आहे, ते दुसऱ्या कुणी असे गायले नसते, आणि शहरी लोकांनी त्यांची टर उडवली ती शंभर वर्षे उडवली. सेसिल शार्प १९१६ ते १९१८ या काळात त्या डोंगरांत हिंडला तेव्हा इंग्लंडमध्ये विरलेली कथागीते त्याला तिथे खरोखरच मिळाली. पण शार्पला इंग्लिश गाणीच हवी होती, तीच त्याने उचलली. हे दुःख खरे असण्यासाठी ते एकाच वर्णाचे असावे लागत नाही. रिडलचा पाय कारखान्यातच गेला होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला सर्वोत्तम कंट्री अल्बमचे ग्रॅमी मिळाले; आधीच्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला एकही नामांकन दिले नव्हते. त्यानंतर चार महिन्यांत ग्रॅमी देणाऱ्या अकादमीने कंट्री अल्बमचा पुरस्कार दोन भागांत विभागला: पारंपरिक आणि समकालीन. ही मागणी जुनीच होती, असे अकादमी सांगते. असेल. पारंपरिक कंट्री ओळखायचे कसे, याची व्याख्याही दिली आहे आणि तिच्यात वाद्ये नावानिशी सांगितली आहेत. फिडल आहे, मॅन्डोलिन आहे. त्याबरोबर बँजो आहे, जो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या हातांतून अमेरिकेत घडला, आणि स्टील गिटार आहे, जी हवाई बेटांवरून आली. निदान वाद्यांची यादी तरी अकादमीने प्रामाणिकपणे लिहिली.